चारशे बारावी फ्रेम

३ मार्च

श्री. मीटर तपासनीस, पाणीपुरवठा विभाग, तथा रविवार सकाळचे व्याख्याते, वाचनालय सभागृह, यांस,

तुझं रजिस्टर पत्र मिळालं. पोचपावतीवर सही हवी म्हणून पोस्टमनने मला स्टुडिओच्या जिन्यात गाठलं. कागद टेकवायला जागा नव्हती, तेव्हा त्याने वळून स्वतःची पाठ पुढे केली. नऊ वर्षांनी सख्ख्या भावाचं पत्र आलं, आणि मी ते परक्याच्या पाठीवर सही करून घेतलं.

मायन्यात तू मला 'महोदया' म्हटलं आहेस. लहानपणी 'ए भोपळ्या' म्हणायचास, म्हणजे प्रगती आहे. पुढचं वाक्य मात्र तुला कुणी लिहून दिलं? 'आपण एडिट केलेल्या नारिंगी पेयाच्या जाहिरातीत अंतर्मनावर आघात करणारा छुपा संदेश असून त्यामुळे आमच्या वडिलांचा मृत्यू ओढवला.' आमच्या! अण्णा तुझ्या एकट्याच्या नावावर कधी झाले?

जाहिरात मीच एडिट केली, कबूल. अकरा वर्षांपूर्वी. तीस सेकंदांची. बाटली उघडते, पेय ग्लासात पडतं, एक कुटुंब उगाचच हसतं. बाटलीवरचे थेंब ग्लिसरिनचे होते, बर्फ प्लास्टिकचा होता, आणि ते कुटुंब एकमेकांना त्याच सकाळी पहिल्यांदा भेटलं होतं. यातलं काहीच छुपं नाही. विचारलं असतंस तर चहा पिता पिता सांगितलं असतं.

याखेरीज त्यात काही नाही. एक फ्रेम जास्त नाही की कमी नाही. हे मोठ्या अक्षरात लिही आणि सभागृहातल्या तुझ्या फळ्यावर टांग.

अरे, या धंद्यात अठ्ठावीस वर्षं काढली. एवढ्या वर्षांत एकही गिऱ्हाईक मला असं म्हणालं नाही की, 'बाई, आमचं नाव जरा लहान करा.' सगळ्यांचं एकच: मोठं करा. अजून मोठं. एका साबणवाल्याने नाव इतकं मोठं करून घेतलं की शेवटी साबण दिसेना. मग म्हणाला, साबणही मोठा करा. ही माणसं आपला संदेश सेकंदाच्या पंचविसाव्या भागात लपवतील, आणि तो कुणालाही दिसला नाही या आनंदात घरी जाऊन जेवतील, असं तुला वाटतं?

व्याख्यानात तू त्या जुन्या सिनेमागृहाची गोष्ट सांगतोस म्हणे. पडद्यावर क्षणभर 'खा', 'प्या' असं चमकवलं आणि प्रेक्षक उठून लाह्यांच्या गाडीकडे धावले. ज्याने ती गोष्ट पसरवली त्यानेच पुढे कबूल केलं की ती सारी बनवाबनवी होती. हा भाग तू गाळतोस. गाळणं आणि जोडणं हा माझा धंदा आहे, बाबा. तू मीटर बघ.

आता कंपनीला पन्नास वर्षं झाली म्हणून पुढच्या महिन्यात ती जाहिरात पुन्हा दाखवणार, आणि तू जाहिरात परीक्षण समितीकडे तक्रार ठोकली आहेस. दहा एप्रिलला सुनावणी. त्याआधी मी लेखी द्यायचं की होय, मी छुपा संदेश घातला. म्हणजे मी नोकरी घालवायची, नाव घालवायचं आणि वर बापाची मारेकरीण म्हणून सही करायची. अजून काही राहिलं असेल तर तेही कळव, एकाच फेरीत उरकू.

अण्णा साखरेने गेले. रक्तातल्या साखरेने, पायाच्या न भरणाऱ्या जखमेने आणि स्वतःच्या हट्टाने. दवाखान्याच्या पायऱ्यांवर आपण काय काय बोललो ते तुला पाठ असेल. मला आहे. तू मला 'वर्षातून दोनदा येणारी पाहुणी' म्हणालास, मी तुला त्याहून वाईट म्हणाले, आणि तू माझा फोन पुन्हा उचलणार नाही अशी शपथ घेतलीस. ती पाळली आहेस. मीटरसुद्धा इतक्या नेमाने तपासत नसशील.

लेखी उत्तर हेच: नाही.

— महोदया

ता. क. अण्णांचं घड्याळाच्या दुकानातलं भिंग तुझ्याकडेच आहे ना? सहज विचारलं.


१२ मार्च

श्री. छायाचित्र विश्लेषक यांस,

दुसरं रजिस्टर. पोस्टमन आता मला बघितलं की आपणहून पाठ फिरवतो.

पाकिटात तो फोटो. फ्रेम क्रमांक चारशे बारा, सतरावं सेकंद, पेय ग्लासात पडतं ती जागा. शंभर पट मोठा केलेला, कडा लाल शाईने आखलेल्या, बाण काढलेले. साडेसातशे फ्रेम तू एकेक करून थांबवत बघितल्यास! तुझ्या हद्दीतल्या लोकांना तीन-तीन महिने चुकीची बिलं का येतात ते आता कळलं.

ठीक आहे. फ्रेम आहे.

मागच्या पत्रात नाही म्हटलं होतं. तेव्हा मी चिडले होते. आताही चिडलेलीच आहे, पण पुरावा समोर असताना नाही म्हणायला जो कोडगेपणा लागतो तो कंपन्यांकडे असतो, एडिटरकडे नसतो.

पण ती काय आहे ते ऐकून घे. मी रुजू झाले तेव्हा आमच्याकडे एक म्हातारे मुख्य एडिटर होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्या काळी चोऱ्या फार. आम्ही घाम गाळून जाहिरात करायची आणि पलीकडच्या रस्त्यावरच्या स्टुडिओने ती थोडी इकडे-तिकडे करून आपली म्हणून दाखवायची. मास्तरांनी तोडगा काढला. प्रत्येकाने आपल्या कामात स्वतःची एक फ्रेम घालायची. एकच. तिचा नंबर आपल्या डायरीत. चोरी झाली की त्या नंबरला फिल्म थांबवायची आणि म्हणायचं, ही बघा, आमची. तिला आम्ही 'राखण' म्हणायचो. काम संपलं की मास्तर दारातून मान आत घालायचे.

"राखण बसवली?"

"बसवली, मास्तर."

"कुणाला दिसली?"

"नाही."

"सांगितली कुणाला?"

"नाही."

"मग जा, जेवून ये."

बस. एवढीच भानगड. मास्तरांची राखण म्हणजे त्यांच्या सायकलची घंटा. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बुवांची राखण म्हणजे त्यांचा स्वतःचा डावा कान. बँकेच्या जाहिरातीत कान, टूथपेस्टमध्ये कान, गादीच्या जाहिरातीत कान. वीस वर्षं घराघरांत तो कान गेला, आणि आजवर एकही माणूस कान विकत घ्यायला बाजारात गेल्याचं ऐकिवात नाही.

आता तुझं विश्लेषण. मी ते स्टुडिओत मोठ्याने वाचून दाखवलं. 'उघडे मुख: तृष्णा. मुखातील अंधार: मृत्यूचे आकर्षण. कपाळावरील गोल काळा तिसरा डोळा: संमोहन. नारिंगी रंग: पेय.' रंग बरोबर ओळखलास. शाब्बास.

माझी राखण कशाची होती, असं तू तीनदा विचारलं आहेस. कशाची असणार? ड्रॉवरमध्ये हाताला लागला तो फोटो. नारिंगी होता, पेयाच्या रंगात मिसळला. तुला त्यात मृत्यू दिसतो, उद्या कुणाला गाजर दिसेल.

आमच्या मालकांनाही समितीची नोटीस आली आहे. त्यांनी मला बोलावून खुर्ची दिली, तेव्हाच समजलं की काहीतरी गळ्यात घालणार. म्हणाले, "बाई, 'तांत्रिक दोष' एवढंच लिहून द्या. मशीनमध्ये जुना फोटो अडकला, चुकून जोडला गेला. दोषाला कुणी नोकरीवरून काढत नाही."

"मशीनमध्ये फोटो अडकत नाही हो, मालक. ती काय कपाटाची फट आहे?"

"समितीला कुठे ठाऊक आहे?"

बघ. लपवणारे लोक असे असतात. तोंडावर सांगून लपवतात. त्यांना फ्रेम लागत नाही.

— राखणदारीण


२१ मार्च

तपासनीस,

यावेळी 'महोदया'ही गेलं, नुसतं 'आपणांस' आलं. असंच चाललं तर पुढचं पत्र बिनपत्त्याचं येईल.

'छुप्या संदेशाची ताकद आपण नाकारता, कारण आपण तिच्यावर जगता,' असं लिहिलंयस. म्हणून मी एक प्रयोग केला. आमच्या बाहेरच्या खोलीत टीव्हीवर आमच्याच जाहिराती दिवसभर फिरत असतात. समोरच्या बाकावर गिऱ्हाइकं बसतात. त्यात मी दर मिनिटाला एक फ्रेम घातली: 'उभे राहा.' चार दिवस. कुणी उभं राहिलं नाही. उलट एक पंख्यांचे कारखानदार इतके ऐसपैस बसले की त्यांना मीटिंगसाठी हलवायला दोन माणसं लागली.

पाचव्या दिवशी सकाळी मी ती फ्रेम काढून टाकली, आणि फोनवर बसणाऱ्या बाईंच्या कानात सांगितलं, "टीव्हीत 'उभे राहा' लपवलंय हं, सांभाळा." बिचारी दिवसभर उठबस करत होती. संध्याकाळी माझ्या टेबलाशी आली.

"ताई, काढा हो ते. गुडघे गेले माझे."

"सकाळीच काढलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे आज त्यात काहीच नव्हतं."

तेव्हापासून ती माझे फोन जोडून देत नाही.

तुझ्या रविवारच्या सभागृहात दुसरं काय चालतं? चाळीस माणसं येतात, तू त्यांना सांगतोस की बर्फाच्या खड्यात कवटी आहे, आणि चाळीसच्या चाळीस जणांना कवटी दिसते. बर्फ तोच असतो. कवटी तू नेलेली असतेस.

आता खरं विचारते, आणि यावेळी लाल शाईने बाण काढून उत्तर देऊ नकोस. त्या पेयाच्या बाटल्या घरात चालत आल्या का?

अण्णांचा पाय बांधलेला. जिना उतरवत नव्हता. घरात माणसं तीन: अण्णा, तू आणि तुझी बायको. ती सकाळी शाळेवर जायची ती संध्याकाळी यायची. किराणा दुकान कोपऱ्यावर. कोण गेलं दुकानात? चारशे बारावी फ्रेम गेली, पिशवी घेऊन? तुमच्या फ्रिजच्या दारावर डॉक्टरांचा कागद होता: 'गोड पेय थेंबभरही नको.' दार उघडलं की आत नारिंगी रांग. मी पाहुणी असेन, पण पाहुणे फ्रिज उघडतात.

तुला फ्रेम का हवी आहे ते मला पहिल्या पत्रापासून माहीत आहे. फ्रेम नसेल तर उरतो कोण? तू उरतोस. पिशवी घेऊन, जिन्यात.

मालकांचा कागद तयार आहे. तांत्रिक दोष. सोमवारी सही करणार आहे. तुझी तक्रार निकालात निघेल, जाहिरात पुन्हा लागेल, आणि तू ती बघत बस.

— आपणांस


३० मार्च

तुझं पत्र साध्या पोस्टाने आलं. पोस्टमन पाठ वळवून उभा राहिला आणि मग ओशाळला.

एवढंच लिहिलंयस. मी ते इथे उतरवून ठेवते, नंतर फिरवायला नको:

'हो, मीच आणायचो. पण तू बघितलं नाहीस. ती जाहिरात रात्रीच्या बातम्यांआधी लागायची. दहा मिनिटं आधी ते उठून बसायचे. खुर्ची टीव्हीला टेकवून, दुकानातलं भिंग डोळ्याला लावून, श्वास रोखून. जाहिरात संपली की ग्लास मागायचे. दिला नाही तर तोंड फिरवून बसायचे, दुसऱ्या दिवशी जेवायचे नाहीत. काय होतंय विचारलं की म्हणायचे, काही नाही. दोन वर्षं, ताई. ते आपले अण्णा नव्हते. कुणीतरी त्यांना धरलं होतं.'

ताई लिहिलंयस. चुकून असेल.

भिंगाचं तू माझ्याजवळ कधीच बोलला नव्हतास.

सोमवारी सही केली नाही. समितीला काही नवीन पाठवू नकोस. दोन-चार दिवस थांब. आणि मला एकदम समजूतदार उत्तरं पाठवू नकोस, तुला ती शोभत नाहीत.


४ एप्रिल

धाकट्या,

त्यांना कुणी धरलं नव्हतं. ते पकडायला बसले होते. स्वतःला.

ड्रॉवरमध्ये हाताला लागला तो फोटो, असं मी लिहिलं ते खोटं. तो माझ्या पर्समध्ये असतो. तू अकरा वर्षांचा होतास. अण्णांच्या एका गिऱ्हाइकाने तुला जुना कॅमेरा दिला होता, आणि पहिला फोटो तू अण्णांचाच काढलास, दुकानात, दुपारी. ते म्हणाले, "थांब रे, नीट बसू दे." तू कसला थांबतोस. त्यांना जांभई आली आणि तू खटका दाबलास. टेबलावरच्या दिव्याने सगळं नारिंगी झालेलं. भिंग कपाळावर चढवलेलं. तोंड उघडं, आतला सगळा अंधार दिसतोय. तृष्णा म्हणे! जेवणानंतरची जांभई आहे ती.

तुझ्या हातचा फोटो, तुझा बाप, आणि तू ओळखला नाहीस. शंभर पट मोठा केल्यावर कसा ओळखशील? कुठलाही बाप एवढा मोठा करून बघितला तर भीतीच वाटणार.

ती माझी राखण. पहिल्या दिवसापासून. अठ्ठावीस वर्षं मी केलेल्या प्रत्येक जाहिरातीत, साबणात, पंख्यात, विम्यात, अण्णा एकदा जांभई देतात. हे त्यांनाही माहीत नव्हतं. राखण बाहेरच्या कुणाला सांगायची नाही, हा मास्तरांचा एकुलता एक नियम.

तो मी एकदाच मोडला. ती नारिंगी जाहिरात लागली त्या वर्षी मी त्यांच्या वाढदिवसाला येते म्हणाले आणि आले नाही. फोनवर ते नुसतं म्हणाले, "बरं, बरं." तुला ठाऊक आहे त्यांचं ते 'बरं, बरं'. त्यापेक्षा कानाखाली दिलेली परवडते. तर मी काहीतरी द्यायचं म्हणून बोलून गेले, "अण्णा, तुम्ही टीव्हीवर आहात."

"कुठे?"

"ते नारिंगी पेय ग्लासात पडतं ना, तिथे. सेकंदाचा पंचविसावा भाग."

पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

"पंचविसावा भाग म्हणजे काही फार कमी नाही," ते म्हणाले. "या हातांनी त्याहून बारीक चुका काढल्या आहेत."

"तो डोळ्याला दिसत नाही, अण्णा. कुणाच्याच."

"कुणाच्याच म्हणजे गिऱ्हाइकांच्या. मी घड्याळजी आहे."

आणि मी म्हटलं, "धाकट्याला सांगू नका. तो गावभर करील आणि माझी नोकरी जाईल." हे वाक्य मी म्हटलं. त्यांनी ते दोन वर्षं पाळलं. तू विचारत होतास आणि ते 'काही नाही' म्हणत होते, ते माझ्यासाठी.

मला मात्र दर आठवड्याला बातमी मिळायची. "आज जवळजवळ सापडलो होतो." "आज तुझ्या भावाने नेमकी त्याच वेळी खिडकी लावली." "आज डोळा लवला गं, नाहीतर होतोच."

ग्लासाचंही मला माहीत होतं. हे नीट वाच. मी विचारलं होतं, "आणि ते पिता कशाला?" तर म्हणाले, "आपल्या जाहिरातीतलं आहे ते. आपल्याच घरात नको? दुकानदार विचारत होता म्हणे, एवढ्या बाटल्या लागतात कुणाला. त्याला निरोप धाडला, घरचंच आहे." मी हसले. फ्रिजवरचा कागद मी वाचलेला होता आणि मी हसले. दवाखान्याच्या पायऱ्यांवर तुला 'तू पाजून मारलंस' म्हणाले तेव्हा हे हसणं माझ्या तोंडात होतं.

अजून आहे. ते म्हणाले होते, "त्या जागेची एक प्रिंट काढून आण ना. एकदा थांबलेला बघतो, म्हणजे नजर बसेल."

"आणते पुढच्या वेळी."

पाच मिनिटांचं काम. प्रिंट काढायचं मशीन माझ्या टेबलापासून अकरा पावलांवर आहे, आज मोजली. आणली असती तर त्यांनी बघितली असती, "बरं, बरं" म्हणाले असते आणि खुर्ची मागे घेऊन बातम्या ऐकल्या असत्या. तो नाद तिथेच संपला असता. दोन वर्षं मी ती आणली नाही. कामं होती, हे समितीला सांगायला ठीक आहे. खरं वेगळं आहे. या धंद्यात जाहिरात लागली की लोक लघवीला उठतात. आणि एक माणूस रोज ठरलेल्या वेळी, श्वास रोखून, भिंग लावून माझं काम बघत होता. मला ते आवडायचं. मला ते संपायला नको होतं.

तेव्हा तुझा सिद्धांत उलटा टांग. ती फ्रेम लाखो घरांत गेली आणि कुणाचं काही वाकडं झालं नाही. ज्या एकाला सांगितली तो गुंतला.

तू सुटलास असं समजू नकोस. दोन वर्षं ग्लास भरलेस. 'काही नाही' म्हटल्यावर गप्प बसलास. अण्णांना खोटं बोलता यायचं नाही, कान लाल व्हायचे. तू खुर्चीसमोर एकदा बसून विचारलं असतंस तर पाच मिनिटांत सगळं बाहेर आलं असतं. पण ते न जेवता बसले की तुझ्याने बघवत नव्हतं. म्हणून तू पिशवी उचललीस. ही तुझी बाजू मी तुझ्यासाठी मांडत नाहीये. मला ती दिसली, एवढंच.

मालकांना त्यांचा 'तांत्रिक दोष' परत दिला. म्हणाले, "बाई, अठ्ठावीस वर्षांचं काम हो तुमचं!" मी म्हटलं, "सगळ्यात एकेक फ्रेम जास्त आहे, मोजून घ्या." मंगळवारपासून येऊ नका, असं ते अगदी हळू आवाजात म्हणाले. ते लपवायचं होतं बहुतेक. मला स्वच्छ ऐकू आलं.

समितीचा छापील फॉर्म भरून पाठवला. तुझी प्रत तुला येईलच, पण तू आधी लाल शाई शोधशील म्हणून इथे देते.

फ्रेम हेतुपुरस्सर घातली होती काय? होय.

फ्रेममधील मजकूर अथवा चित्र? जांभई देणारा घड्याळजी.

संदेश प्रेक्षकांपासून लपवलेला होता काय? एक सोडून सर्वांपासून.

प्रभावित झालेल्या व्यक्तींची संख्या? इथे मी 'एक' लिहिलं होतं. मग तुझी ती चार ओळींची चिठ्ठी पुन्हा काढली. 'एक' खोडलं. 'तीन' लिहिलं, आणि खाडाखोड माझीच आहे म्हणून बाजूला सही केली.

दहा तारखेला ये. बाकाच्या त्या टोकाला बस, मी या टोकाला बसेन. बोलायची गरज नाही. समितीने जाहिरात लावली तर सतराव्या सेकंदाला डोळा लववू नकोस.

प्रिंट सोबत ठेवली आहे. भिंग तुझ्याकडे आहे, पण ते लावू नकोस. आहेत तेवढेच बघ त्यांना.

— भोपळा